उरलेल्या गोळ्या

मी मुळात भित्री आहे. आमच्या इस्पितळात हे कुणाला सांगितलं तर हसतील. तिथे मला सगळे हेडमास्तरीण म्हणतात, तेही पाठीमागे. पण मी कडक झाले ती भीतीपोटीच. कुणाचं रक्त तपासायचं राहिलं, कुणा आजोबांनी सकाळची गोळी दुपारी घेतली, की माझ्या छातीत धडधडायला लागतं. ती धडधड कुणाला कळू नये म्हणून मी आवाज चढवते. चढवता चढवता आवाज वरच राहिला, आणि आता घरी साधं मीठ मागितलं तरी नवरा दचकतो.

इस्पितळ सरकारी, सगळ्या जिल्ह्याचं. तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीपलीकडे पूर्वी चादरींचं कोठार होतं, तिथे आमचा संशोधन कक्ष. अजूनही कपाट उघडलं की धुतलेल्या चादरींचा वास येतो. हृदय, छाती, साखर, हाडं, त्वचा अशा सगळ्या विभागांचे डॉक्टर आपापल्या नव्या औषधांचे अभ्यास इथेच चालवतात. डॉक्टर पुष्कळ, नर्स दोनच. एक मी आणि दुसरी आमची चिमणी. ती माझ्याहून बरीच लहान. सकाळी दार उघडलं की तिची चिवचिव सुरू होते, म्हणून तिचं नाव चिमणी पडलं.

नवं औषध पारखायचं तर निम्म्या लोकांना ते औषध द्यावं लागतं आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी पिठाची गोळी. कुणाच्या बाटलीत काय आहे हे पेशंटला ठाऊक नसतं, आम्हाला नसतं आणि डॉक्टरांनाही नसतं. ते फक्त दूरच्या एका कचेरीतल्या संगणकाला ठाऊक. "सिस्टर, खरं सांगा, माझी खरी की खोटी?" असं प्रत्येकजण एकदा तरी विचारतो. "मलाही ठाऊक नाही," असं मी सांगितलं की डोळे मिचकावून हसतो. त्याला वाटतं, मी लपवतेय.

आणि मग मोजणी. पेशंट तपासणीला आला की त्याने आपली बाटली परत आणायची. ती आम्ही निळ्या तबकात उपडी करतो आणि उरलेल्या गोळ्या मोजतो. तपासणीपर्यंत पुरतील तेवढ्याच गोळ्या बाटलीत भरलेल्या असतात. म्हणजे ज्याने नेमाने घेतल्या त्याची बाटली रिकामी यायला हवी. उरल्या तर त्याने गोळ्या चुकवल्या, आणि फार जणांनी चुकवल्या तर सगळा अभ्यास पाण्यात. पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला बजावते, की गोळी विसरली तर विसरली, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, उरलेली परत आणायची. आणि उरलेली परत आणली की मीच त्याला फाडून खाते.

"घरातल्या उंदरांसाठी दिल्या होत्या का या?" असं मी एकदा साखरेच्या अभ्यासातल्या टॅक्सीवाल्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं. बाहेरच्या बाकावर हशा पिकला. टॅक्सीवालाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्यानंतर त्याच्या बाटलीत कधी काही उरलं नाही. हळूहळू कुणाच्याच बाटलीत उरेनासं झालं. वरिष्ठांच्या बैठकीत आमच्या कक्षाचं नाव घेतलं गेलं. इतक्या स्वच्छ बाटल्या दुसऱ्या कुठल्या इस्पितळातून येत नाहीत म्हणे. त्या दिवशी मी चिमणीला माझ्या खर्चाने चहा पाजला.

मावशी हृदयाच्या अभ्यासात होती. माझी सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. मावशीने लोकांच्या मुलांचे गणवेश शिवून मला वाढवलं आणि नर्स केलं. आता ती माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. तिची लेक दुसऱ्या गावी असते. मावशीला एकच गोष्ट जमत नाही, खोटं बोलणं. "या झग्यात मी बारीक दिसते ना?" असं एका गिऱ्हाइकाने विचारलं, तर ही म्हणाली, "नाही हो, पण शिवण पक्की आहे." ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

वर्षभरापूर्वी तिच्या हृदयाचे ठोके वेड्यासारखे पळायला लागले. ठोके आवरणाऱ्या नव्या गोळीचा अभ्यास आमच्याकडे तेव्हाच सुरू होत होता, आणि हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, तिला त्यात घेतलं. नात्यातल्या माणसाच्या बाटलीला हात लावायचा नाही असा नियम आहे. म्हणून मावशीचं सगळं चिमणी बघायची. मी लांबून, कडक चेहऱ्याने. बाकावरच्या कुणाला वाटायला नको की हिच्या मावशीला वेगळी वागणूक मिळते.

हे घडलं त्या दिवशी सकाळी मी दार उघडायला आले तेव्हा बाक भरलेला होता. सगळ्या विभागांची तपासणी एकाच दिवशी ठेवतो आम्ही, म्हणजे प्रयोगशाळेला सोयीचं पडतं. छातीच्या अभ्यासातल्या दम्याच्या काकू होत्या, गुडघ्यांच्या अभ्यासातले आजोबा होते, टॅक्सीवाला होता. काकूंच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन मावशी. मी आले तसे सगळे सरळ बसले. मावशीसुद्धा.

चिमणीने तिची बाटली तबकात उपडी केली. काहीच पडलं नाही.

"मावशींची बाटली एकदम स्वच्छ!" चिमणी ओरडली. "ताई, घराण्याचं नाव राखलं हं!"

मी टेबलावरच्या कामातून मान वर केली नाही, पण हसू आलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मावशी हसली नाही. ती पदराने तोंड पुसत होती. हे मला दिसलं होतं, आणि मी पुढच्या माणसाला हाक मारली.

हृदयाचा आलेख काढणारे गृहस्थ शेजारच्या खोलीत बसतात. त्यांना आम्ही पट्टीवाले म्हणतो. ते खुर्चीतून उठले तर भूकंप झाला असं समजावं. ते त्या दिवशी उठले, आणि पट्टी हातात धरून स्वतः माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"सिस्टर, तुमच्या मावशींचं काहीतरी बघा," ते म्हणाले. "ठोक्यांमध्ये फार जागा आहे."

पट्टीवर एक ठोका होता, मग नुसती सरळ रेघ, मग दुसरा ठोका. त्या दोन ठोक्यांच्या मधल्या रेघेकडे मी बघत राहिले. असे आलेख मी पुष्कळ पाहिलेत, पण त्या रेघेच्या खाली माझं माणूस कधी नव्हतं.

मावशी पलंगावर होती. चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम डवरला होता. मी मनगट धरलं. एक ठोका लागला. मी थांबले. इतकी थांबले, की माझ्याच बोटांतला ठोका मी तिचा समजायला लागले. मग दुसरा आला.

"चक्कर येतेय जरा," ती म्हणाली. "तू नको थांबू. तुझी माणसं खोळंबलीत."

चिमणी सरांना बोलवायला पळाली. सर आले, पट्टी बघितली, सलाईन लावायला सांगितलं आणि ठोके वाढवणारं इंजेक्शन दिलं. ठोके थोडे वर आले आणि परत बसले. सरांनी ओठ चावले. सर ओठ चावतात तेव्हा त्यांना कळत नसतं, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे.

"अभ्यासातली गोळी खरी असली तरी रोज एक घेऊन असं व्हायचं नाही," ते म्हणाले. "रोज एकच घेत होत्या ना? बाटली कशी आली?"

"रिकामी," चिमणी म्हणाली. "एकदम बरोबर."

आणि त्या शब्दासरशी मला आठवलं. बाटली रिकामी येऊच शकत नव्हती.

आदल्या आठवड्यात मावशी लेकीकडे राहायला गेली होती. तिच्या घराच्या खिडक्या उघडायला मी गेले, तर गोळ्यांची बाटली तिथेच शिवणयंत्राच्या शेजारी. घेऊन जायला विसरली होती. मला भीती वाटली. तिच्या हृदयाची वाटायला हवी होती, पण मला वाटली ती तबकाची. मी तिथूनच फोन लावला. "सगळ्या जगाच्या बाटल्या मी मोजते," मी ओरडले, "आणि माझ्याच घरातली बाटली भरलेली यायची? चिमणीपुढे काय तोंड दाखवू मी?" मावशी हळूच म्हणाली, "येईल ती रिकामी. तू त्रास करून घेऊ नकोस." मला वाटलं, तिला वाईट वाटलंय. त्यापुढचा विचार मी केलाच नाही.

मी पलंगापाशी वाकले.

"मावशी, लेकीकडे गेलीस तेव्हाच्या गोळ्या उरल्या होत्या. त्या कुठे गेल्या?"

"घेतल्या," ती म्हणाली.

"कधी?"

तिने डोळे मिटून घेतले. टाकल्या असत्या तर बरं झालं असतं. पण टाकून मग घेतल्या म्हणून सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि ते तिला जमत नाही. म्हणून हिने त्या खऱ्याच एकदम घेतल्या. कधी, किती, ते मात्र ती सांगेना.

सर एकदम हलले. "ताबडतोब कचेरीला फोन लावा. यांच्या बाटलीत काय आहे ते उघड करायला सांगा."

हे क्वचितच करतात. एकदा गुपित उघडलं की तो पेशंट अभ्यासातून बाद होतो. त्याची मला पर्वा नव्हती. मी फोन लावला. पलीकडे एक यांत्रिक आवाज थांबा म्हणाला आणि संगीत लागलं. मी पडद्याच्या फटीतून मावशीकडे बघत होते आणि कानात ते गुळमुळीत संगीत. इतकी वर्षं कुणाच्या बाटलीत काय आहे याची मला फिकीर नव्हती. आता मी मनात एकच घोकत होते. पीठ असू दे. नुसतं पीठ असू दे. बाई गं, माझ्या मावशीला पीठ मिळालेलं असू दे.

पलीकडे एक मुलगी आली. तिने क्रमांक विचारला, कारण विचारलं, सरांचं नाव विचारलं, परत क्रमांक विचारला.

"औषध आहे," ती म्हणाली. "खरी गोळी."

मी सरांना सांगितलं.

सर मावशीपाशी गेले. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि हळू, स्पष्ट विचारलं, "मावशी, ऐका. किती घेतल्या आणि कधी घेतल्या, एवढं मला हवंय. काल घेतल्या असतील तर आता उतार सुरू होईल, आपण इथेच सांभाळू. आज घेतल्या असतील तर औषध अजून अंगात भिनतंय, मग थांबून चालणार नाही. काल की आज?"

"सगळ्या घेतल्या, डॉक्टर," मावशी म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "एकही चुकवली नाही."

"कधी?"

ती माझ्याकडे बघून गप्प झाली.

मी बाहेर धावले. काकू सकाळपासून तिच्या शेजारी होत्या. "काकू, तुम्ही काही बघितलंत? मावशीने काही खाल्लं इथे?" काकूंनी पिशवी छातीशी धरली. "मला नका बाई मध्ये घेऊ," त्या म्हणाल्या, आणि आजोबांकडे बघितलं. आजोबा भिंतीकडे बघायला लागले. टॅक्सीवाला बुटांकडे. सगळ्यांना काहीतरी माहीत होतं, एवढं माझ्या लक्षात आलं. काय, ते विचारायला वेळ नव्हता. विचारलं असतं तरी कुणी सांगितलं असतं असं नाही.

परत आत आले तर ठोके मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा आणखी खाली गेलेला. त्याचं ते टिंग टिंग इतकं सावकाश झालं होतं, की प्रत्येक आवाजानंतर वाटायचं हा शेवटचा. माझा धीर सुटला.

"मावशी, बोल ना!" मी ओरडले. "किती घेतल्यास? काल की आज? आता तरी सांग! जीव जायची वेळ आली तरी तोंड उघडणार नाहीस का?"

तिने माझ्याकडे बघितलं. पेशंटच्या डोळ्यांतली भीती मला ओळखता येते. मरणाची भीती कशी दिसते ते मला ठाऊक आहे. ती माणसाकडे बघत नाही, छताकडे बघते, दाराकडे बघते. मावशी सरळ माझ्याकडे बघत होती. लहानपणी फाटलेला झगा हाताखाली लपवून मी तिच्यासमोर उभी राहायचे, तशी ती पडल्यापडल्या पिशवी अंगाखाली ओढत होती. तिला मरणाची भीती वाटत नव्हती. तिला माझी भीती वाटत होती.

मी सरांकडे वळून म्हटलं, "सर, मी बाहेर जाते. मग विचारा."

मी पडद्याबाहेर आले, पडदा ओढून घेतला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. चिमणीचा आवाज आला, "मावशी, गेल्या ताई. इथे कुणी नाही आता." आणि मग, जिने तास झाला 'कधी' एवढं सांगितलं नव्हतं, ती मावशी बोलायला लागली.

"आत्ताच घेतल्या हो. बाहेर नळ आहे ना, तिथे. दार उघडायची वाट बघत होतो तेव्हा."

"किती?"

"मूठ भरून होत्या. दोनदा पाणी प्यावं लागलं. घशाखाली उतरेनात."

"आणि नेहमीची प्रेशरची?"

"ती तर रोजचीच. तीही घेतली." थोडा वेळ नुसतं टिंग ऐकू आलं. मग परत तिचा आवाज. "बाकावर सगळे असंच करतात. मला त्यांनीच सांगितलं. टाकायच्या होत्या, पण मग तिने विचारलं असतं, घेतल्यास का, तर काय सांगणार होते? तिला नका सांगू. ती घाबरट आहे फार, लहानपणापासून. घाबरली की ओरडते. तिला वाटतं, मला कळत नाही."

सरांनी पडदा झटकन बाजूला केला. "आत्ताच म्हणजे खरा तडाखा अजून यायचाय. शिवाय प्रेशरची वर. हृदयात ठोके देणारी वायर घालावी लागेल. पलंग हलवा!" मग आम्ही पळालो. एक चाक वाकडं होतं आणि पलंग सारखा भिंतीकडे ओढत होता. मी डोक्याकडची बाजू धरली होती. लिफ्टवाल्याने आम्हाला बघून आतली सगळी माणसं बाहेर काढली. अतिदक्षता विभागाच्या दाराशी सरांनी मला थांबवलं. "सिस्टर, तुम्ही नाही," ते म्हणाले. नियम त्यांचाही होता आणि माझाही.

बंद दाराबाहेर बसायची मला सवय नाही. मी नेहमी आतल्या बाजूला असते. बाहेर बसलेल्यांना मी सांगत आलेय, धीर धरा, आत सगळं नीट चाललंय. आता ते वाक्य मला सांगायला कुणी नव्हतं. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्या चितारलेल्या होत्या, त्या मी पुन्हा पुन्हा वाचत होते. हातात मावशीची चप्पल होती. पलंग हलवताना एक खाली पडली होती, ती मी उचलली होती. मला वाटत होतं, ती गेली तर शेवटचं जे तिने बघितलं ते माझं ओरडणारं तोंड असेल.

आत माणसं पळाल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. आवाजापेक्षा त्या शांततेने माझा जीव जास्त घाबरा झाला.

दार उघडलं तेव्हा सरांची टोपी घामाने भिजली होती. "ठोके पार थांबले होते मध्ये," ते म्हणाले. "पण वायर आधीच आत होती. आता यंत्र ठोके देतंय. औषध उतरलं की हृदय आपलं काम आपण करेल. वाचतील त्या." त्यांनी टोपी काढली. "आत्ताच घेतल्या हे कळलं नसतं, तर आपण खालीच बघत बसलो असतो. मग काही करता आलं नसतं."

त्यांनी मला काचेतून बघू दिलं. मावशी झोपली होती, मानेला पट्टी होती. यंत्राचा आवाज एकसारखा, नीट येत होता. मी काचेला कपाळ लावून तो ऐकत होते. मग तिचे पडद्याआडचे शब्द माझ्या डोक्यात परत आले. तेव्हा ते कानावरून गेले होते, आता आत शिरले.

बाकावर सगळे असंच करतात.

मी जिन्यावरून पळाले, लिफ्टची वाट बघितली नाही. मावशीची बाटली स्वच्छ होती. काकूंची नेहमी स्वच्छ असते. आजोबांची, टॅक्सीवाल्याची. सगळ्या विभागांच्या, सगळ्या अभ्यासांच्या. बैठकीत नाव घेतलं गेलं त्या सगळ्या बाटल्या. दम्याच्या गोळ्या मूठभर घेतल्या तर काय होतं? साखर उतरवणारी मूठभर घेतली तर? पायऱ्या उतरताना मला ते एकेक आठवत होतं, आणि मला ते चांगलं ठाऊक होतं, म्हणून जास्त भीती वाटत होती. सगळे सकाळी नळापाशीच होते. सगळे अजून बाकावरच बसलेत. आणि मी त्यांना तसंच सोडून वर गेले होते.

मी कोपऱ्यावरून वळले तसा बाक दिसला. सगळे होते. मला बघून सगळे सरळ बसले. काकूंनी पदर नीट केला. आजोबांनी काठी बाजूला घेतली.

मला ओरडायचं नव्हतं. हळू बोलायचं ठरवलं, पण इतक्या वर्षांत हळू बोलायची सवय गेलेली. घसा साफ केला तर काकू दचकल्या.

"ऐका," मी म्हटलं. "मावशी वाचली. आता मला एकच सांगा. आज कुणी उरलेल्या गोळ्या एकदम घेतल्यात का? घेतल्या असतील तर काही बिघडत नाही. मी रागावणार नाही. खरंच नाही रागावणार. उरल्या असत्या तरी चाललं असतं."

ते एकमेकांकडे बघत होते. मास्तरीण गोड बोलायला लागली की वर्ग जसा जास्त घाबरतो, तसं झालं. मला समजलं की माझा आवाज थरथरतोय आणि त्यांना तो राग वाटतोय.

"चिमणी!" मी हाक मारली. "इकडे ये! तू विचार यांना!"

पण चिमणी यायच्या आत काकूंनी पिशवीतून बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. त्यांचं बघून आजोबांनी काढली. मग पलीकडच्या बाईने, मग तिच्या शेजारच्या माणसाने. सगळ्यांनी हात लांब करून बाटल्या पुढे धरल्या. एकाही बाटलीत काही नव्हतं.

टॅक्सीवाला उभा राहिला. त्याने झाकण उघडून बाटली उलटी केली आणि हलवून दाखवली. त्याचा हात कापत होता, आणि कपाळावरून घाम वाहत होता.

"बघा सिस्टर," तो हसत म्हणाला, "एकही उरली नाही."